रॉक बँडची हजेरी

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. यात्रेच्या पत्रिकेत ते मोठ्या अक्षरांत मीच लिहिलं होतं, आणि एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

आम्ही तिघे मित्र. मंचरच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. तेव्हा आमच्याकडे गाणी ऐकायचं एक यंत्र होतं आणि त्याला कानात घालायची दोन बोंडं. दोघांनी ऐकायचं, तिसऱ्याने त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहायची. परदेशी रॉक गाणी, शब्द न कळता, आम्ही अशी वर्षभर ऐकली, आणि तेवढ्यावर आपल्याला संगीतातलं कळतं हा समज आजवर जपला. आता मी महाळुंगे पडवळला राहतो आणि कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून दोघे मला मास्तर म्हणतात. दुसऱ्याचे पणजोबा राजस्थानातून आले; त्याचं नारायणगावला कापडाचं दुकान आहे, म्हणून तो शेठ. तिसरा बेल्ह्याच्या अलीकडच्या एका गावचा. बेल्ह्यात त्याचं खता-औषधांचं दुकान आहे आणि गावच्या यात्रा कमिटीत तो आहे. त्याला आम्ही भाऊ म्हणतो. ही गोष्ट त्याची आहे. मी आणि शेठ फक्त साक्षीदार, आणि मी थोडा आरोपी.

त्यांच्या यात्रेचा कार्यक्रम ठरलेला. दुपारी बैलगाडा शर्यत, संध्याकाळी कुस्त्या, अंधार पडला की तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. ज्या कलावंतांनी रात्री खेळ केला त्यांनीच सकाळी देवळासमोर जमिनीवर उभं राहून गायचं, ती हजेरी. स्टेज नसतं, दिवे नसतात, तोंडाला रंग नसतो. गाणाऱ्यांची झोप झालेली नसते आणि गाव अंघोळ करून समोर बसलेलं असतं. रात्रीचा खेळ लोकांसाठी आणि हजेरी देवासाठी, असं म्हणतात. देवाचं मला माहीत नाही, पण कोणाच्या गळ्यात काय आहे ते गावाला तिथेच कळतं.

भाऊच्या लहानपणापासून तिथे एकच फड यायचा. गेल्या वर्षी भाऊच्या डोक्यात आलं की तमाशा नको, बँड आणू. पुण्याच्या त्या बँडचा तेव्हा फार गवगवा होता. मराठीत गायचे आणि स्वतःला ‘मातीतला रॉक’ म्हणवून घ्यायचे. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे भाऊचे चुलते, नाना. त्या बैठकीला मीही होतो, कारण पत्रिका लिहायला मला बोलावलं होतं.

“नाना, पोरं तमाशाला बसत न्हाईत आता. मोबाइल बघत बसत्यात,” भाऊ म्हणाला.

“मग मोबाइलवालाच आणतोस व्हय?”

“लई मोठा बँड हाय. मातीतला हाय.”

“माती आपल्याकडं काय कमी हाय?”

अर्धा तास असं चाललं. शेवटी नाना म्हणाले, “आण. पण फडाच्या मालकिणीला नको म्हणून सांगायला तूच जायाचं. अन् उद्या काय वाकडं झालं, तर तिला परत बोलवायला बी तूच.”

भाऊ हो म्हणाला. गावासमोर दिलेला शब्द होता तो. नारायणगावला यात्रांच्या दिवसांआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे लोक तारीख ठरवायला येतात. भाऊ एकटाच गेला आणि मालकिणीला सांगून आला. ती फक्त “बरं” म्हणाली, आणि त्याच्यासमोरच ती तारीख शेजारी बसलेल्या दुसऱ्या गावाच्या लोकांना लिहून दिली. हे सांगताना भाऊ हसत होता. हसू काही चांगलं नव्हतं.

बँडशी करार करायला त्यांचा मॅनेजर आला. कमिटीकडे कराराचा एकच छापील कागद आहे, वर्षानुवर्षं फडासाठी वापरलेला. नानांनी फडाचं नाव खोडून पेनाने बँडचं घातलं, बाकी मजकूर तसाच ठेवला. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर एक तास गाऊन हजेरी द्यावी. मॅनेजरने सही केली.

“वाचा की,” नाना म्हणाले.

“तुमच्यावर ट्रस्ट आहे काका.”

मग मी पत्रिका लिहिली. ‘मातीचा हुंकार, तरुणाईचा जयजयकार’ असं काहीतरी मी लिहिलं. एरवी विद्यार्थ्यांनी असं वाक्य निबंधात लिहिलं तर मी गुण कापतो.

यात्रेच्या दिवशी मी आणि शेठ ऊन असतानाच पोहोचलो, कारण शेठ सूर्य मावळल्यावर जेवत नाही. भाऊच्या ओट्यावर त्याने डबा उघडला तेवढ्यात बँडच्या गाड्या आल्या. मॅनेजर उतरून सरळ भाऊकडे आला. गायकाची एन्ट्री बैलगाडीतून हवी होती. त्यांनी पुण्यात ते ठरवूनच आणलं होतं आणि वरून ड्रोन उडणार होता.

नुकतीच शर्यत पळालेली बैलं शेजारच्या गोठ्यात उभी होती. भाऊने त्यांच्या मालकाला विचारलं. 

“पावणं, ही बैलं पळत्यात. माणसं न्हेत न्हाईत.”

“फक्त पन्नास फूट, दादा.”

“माझ्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं व्हतं तवा बी मी रिक्षा सांगितली व्हती.”

शेवटी गायक कांद्याच्या टेम्पोतून आला. टेम्पोला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. त्याची पँट गुडघ्यावर फाटलेली आणि डोक्यावर फेटा, बांधलेला नव्हे, टोपीसारखा शिवलेला. शेठने लांबूनच पारख केली. “पॉलिस्टर. आमच्याकडे सगळ्यात खालच्या फळीवर असतो. लग्नात वऱ्हाडाला वाटतात.”

साडेसातला कार्यक्रम सुरू झाला. आधी धूर आला. यंत्रातून आलेला पांढरा, गोडसर वासाचा धूर डाव्या बाजूला बसलेल्या बायकांवर गेला, आणि एक म्हातारी उठून उभी राहिली, “काय पेटलं गं?” मागच्या मोठ्या पडद्यावर गव्हाचं शेत डुलत होतं. त्याच्या कडेला लाल छपराचं लाकडी कोठार होतं. आमच्या आख्ख्या जुन्नर-आंबेगावात तसं कोठार नाही. मातीतला रॉक परदेशी मातीसमोर चालला होता, आणि ते कोणाला खटकल्याचं दिसलं नाही.

गाण्यांबद्दल काय सांगू? प्रत्येक गाण्यात माती होती, प्रत्येक गाण्यात बाप होता, आणि बाप प्रत्येक वेळी उन्हात होता. गाण्यांच्या मधे गायक बोलायचा. आपण कसे आभाळाखाली झोपलेलो आहोत, बिबट्याच्या डोळ्यांत डोळे घालून कसे वाढलो आहोत. हाच माणूस संध्याकाळी शेतातल्या बंगल्यावर उतरला तेव्हा बाथरूम खोलीच्या आत आहे ना, बाहेर जावं लागणार नाही ना, असं भाऊला दोनदा विचारत होता, बिबट्यामुळेच. चौथ्या गाण्याला त्याचा आवाज दाटला आणि त्याने मनगटाने डोळे पुसले. पुढची पोरं किंचाळली.

शेठ माझ्या कानाशी आला. “मास्तर, मोबाइलवरच्या व्हिडिओत पण ह्याच ओळीला रडला होता. ह्याच हाताने.”

मला त्या क्षणी खरोखर किळस आली. वाईट गाणं मी सहन करू शकतो, आमच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी करतो. पण कोणाचा तरी बाप उन्हात उभा करून ठरलेल्या ओळीला ठरलेल्या हाताने रडायचं, हे मला बघवेना. आणि ते बघायला माणसं जमवणारी पत्रिका माझी होती.

आमच्या पुढे एक म्हातारा बसला होता. हा गावातला जुना ऐकणारा, तमाशात ढोलकीवाला कुठे घसरला ते ह्याला विचारतात. तो मान हलवत नव्हता, टाळी वाजवत नव्हता. मी विचारलं, “कसं वाटतंय आबा?”

“बराबर हाय सगळं.”

“मग?”

“कुठं चुकतच न्हाई. तासभर झाला. माणूस हाय का काय?”

मी स्टेजच्या कडेला पाहिलं. काळ्या कापडाखाली एक लॅपटॉप होता आणि त्याच्याजवळ एक जण बसला होता. गायक पोरांच्या खांद्यावरून हात फिरवत पळत होता तेव्हा त्याला धाप लागली होती, पण आवाजाला लागली नव्हती.

पण पोरं नाचली. हे मान्य करायला हवं. शेजारच्या गावांतून पोरं आली, धुरळा उडाला, आणि शेवटी पोरांनी भाऊला खांद्यावर घेतलं. तो वरून आम्हाला शोधत होता. त्याचं तोंड कॉलेजात बोंड कानात घालायची पाळी आल्यावर व्हायचं तसं झालं होतं. मी हात वर केला. नाना टोपी सारखी करत म्हणाले, “पोरं खूश झाली. बरं झालं. आता सकाळी बघू.”

मॅनेजरने ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी त्याला कळलं नसतं.

सकाळी सातला नाना, भाऊ, मी आणि शेठ बंगल्यावर गेलो. बँड तिथे नव्हता, शेजारच्या वावरात होता. उगवत्या उन्हात त्यांचं शूटिंग चाललं होतं. काढलेला कांदा पातीखाली झाकून ठेवलेला होता, आणि त्या ढिगावर गायक पांढरे बूट घालून, गिटार घेऊन बसला होता. ड्रोन घोंघावत होता.

“खाली उतरा आधी,” नाना म्हणाले.

“काका, एक मिनिट, शॉट चालू आहे.”

“कांदा हाय त्यो. पाय पडला की नासतोय.”

तो उतरला. नानांनी सांगितलं की देवाचा नैवेद्य झाला, लोक बसलेत, हजेरीला चला. मॅनेजर म्हणाला, असं काही ठरलेलं नाही. नानांनी कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मॅनेजरने तो कागद पहिल्यांदा वाचला.

“पण साउंड? लॅपटॉप कशाला जोडणार?”

साउंडवाला पहाटेच दुसऱ्या गावच्या यात्रेला निघून गेला होता. यात्रांच्या दिवसांत तो असाच जातो. फडाला हजेरीसाठी त्याची गरज कधी पडलीच नव्हती.

“तोंडानं गायाचं की,” नाना म्हणाले. “रातच्यालाबी तोंडानंच गायला ना?”

ड्रम वाजवणारा आपल्या पायांकडे पाहत होता. भाऊने हे सगळं ऐकलं, आणि त्याला कळलं. मी त्याच्याकडे पाहत होतो म्हणून सांगतो, त्याचा चेहरा नानांच्या प्रश्नाच्या आधी वेगळा होता आणि नंतर वेगळा होता. तरीही त्याने गायकासमोर हात जोडले.

“साहेब, अर्धा तास चला. फड बंद करून तुम्हाला आणलंय. मी शब्द दिलाय गावाला.”

“दादा, माझा आवाज असा उघड्यावर लागत नाही.”

“रात्री तर आभाळाखाली झोपत होतात,” शेठ म्हणाला.

ते निघूनच गेले असते. पण ड्रोनवाला म्हणाला की देवळासमोर फ्रेम मस्त येईल, गावातली माणसं, फेटे, टोप्या, एकदम रिअल. गायकाने शिवलेला फेटा डोक्यावर चढवला. भाऊच्या शब्दासाठी जो माणूस पन्नास पावलं चालायला तयार नव्हता तो फ्रेमसाठी तयार झाला. त्या सकाळचं मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर हे.

देवळासमोर गाव बसलं होतं. पुढे म्हातारे, बाजूला बायका. रात्री नाचलेल्या पोरांपैकी एकही नव्हता, सगळे झोपले होते. गायकाने पहिली ओळ घेतली ती फार वर घेतली. आवाज तिथे पोचला नाही. थांबून खाली घेतली, तर फार खाली गेली. गिटारवाला स्वतःच्या बोटांकडे पाहत वाजवत होता. दुसऱ्या कडव्याला गायक अडखळला. खिशातून मोबाइल काढून त्याने स्वतःचंच गाणं वाचायला सुरुवात केली. रात्री ज्या ओळीला रडला होता ती ओळ आली, आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही, कारण तो पुढचे शब्द शोधत होता. मग धृपदाला त्याने सवयीने हात पुढे केला, तुम्ही म्हणा म्हणून. हातात माईक नव्हता. नुसती मूठ गावासमोर धरलेली. गाव मुठीकडे पाहत राहिलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका बाईने उठून त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, “पी बाबा. दमानं म्हण.”

तिसरं गाणं अर्ध्यात सुटलं. भाऊ देवळाच्या खांबाला टेकून, हात जोडून उभा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. नाना पुढे झाले, गायकाच्या हातात नारळ आणि शेरणीचा, म्हणजे प्रसादाचा, गूळ ठेवला. “झाली हजेरी,” एवढंच म्हणाले. पुढे बसलेला तो म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला. “माणूसच हाय,” माझ्याकडे पाहून म्हणाला आणि घरी गेला.

ड्रम वाजवणारा तेवढा नानांच्या पाया पडला. “सॉरी काका. रियाज नाही राहिला.”

“मग करा की,” नाना म्हणाले.

इथे हे प्रकरण संपलं असतं. पण आठवड्याने बँडचा व्हिडिओ आला. कांद्याचा ढीग, उगवता सूर्य, देऊळ, म्हाताऱ्यांच्या टोप्या. गायकाची मूठही होती, पण आवाज सकाळचा नव्हता. तो लॅपटॉपमधला होता, वर, स्वच्छ, कुठेही न चुकणारा. शेवटी कॅमेरा खांबाजवळ गेला आणि थांबला. भाऊ हात जोडून रडत होता. खाली लिहिलं होतं, ‘मातीतला माणूस मातीचं गाणं ऐकतो तेव्हा’.

त्याच्या दुकानात युरिया घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, “भाऊ, लई रडला राव! एवढं आवडलं व्हय?” पहिले काही दिवस तो प्रत्येकाला खरं काय ते सांगायचा. मग सांगायचं सोडून दिलं. मॅनेजरला त्याने तो भाग काढायला सांगितलं, तर मॅनेजरने उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

यंदा राहुट्या लागल्या तेव्हा नानांनी त्याला वेगळं काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. शेठने दुकान भावाकडे दिलं, मी रजा टाकली, आणि आम्ही तिघे गेलो. मालकीण सतरंजीवर वही घेऊन बसली होती. साठीची बाई, चष्मा नाकावर. आत दोन गावांचे लोक चहा पीत होते.

“या. बसा,” ती भाऊला म्हणाली. “बघितलं मी तुमचं गाणं.”

“माझं न्हाई बाई ते.”

“रडत व्हता की. इतकी वर्सं आमचा खेळ बघितला, आमच्या वगाला कधी न्हाई रडला तुमी.”

चहा पिणारे थांबले. शेठने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुधा दुकानातल्या नऊवारींचा विषय काढणार होता. भाऊने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“गाण्याला न्हाई रडलो,” भाऊ म्हणाला. दुकानात येणाऱ्यांना सांगायचा त्यापेक्षा मोठ्याने म्हणाला. “त्यांना गाता येत न्हाई. सकाळी देवासमोर उभं केलं तवा कळलं. अन् मी त्यांच्यासाठी तुमाला नको म्हणून सांगून गेलो व्हतो. त्याला रडलो.”

बाईने चष्मा काढून पदराला पुसला. वहीची पानं उलटली. मग एका ओळीवर बोट ठेवून थांबली.

“ती रात मी दुसऱ्या गावाला दिल्याली हाय. यंदाबी त्यांनी सांगितलीया. मोडायची न्हाई. मला तुमच्यावानी करता येत न्हाई.”

भाऊने मान हलवली.

“त्यांची हजेरी धाला उरकंल,” ती म्हणाली. “तिथनं जाताना तुमचं गाव वाटंत हाय. अकराला यिऊ. नुसती हजेरी. रातचं काय न्हाई.”

“रातच्याला गावाला काय सांगू?”

“मोबाइल बघा म्हणावं.”

तिने लिहून घेतलं. बाहेर येऊन भाऊने नानांना फोन लावला, आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला आणि सांगितलं, रात्र मिळाली नाही, सकाळ मिळाली, अकरा वाजता. मग नाना म्हणाले, “अकराला ऊन व्हतंय. देवळाच्या मावळतीला सावली आसती तवा, तिकडं बसवू सगळ्यांना. त्यांच्यासाठी मांडव घालू.”

“व्हय नाना.”

“अन् ऐक. पत्रिका मास्तरला लिहायला देऊ नगंस.”